मधुवंतीच्या कॅबिनेटचे दोन स्पीकर

सुबोध मेस्त्रीचा गाळा मुलुंडला, एलबीएस रोडपासून आत, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. एका बाजूला रबरी वॉशर बनवणारे, दुसऱ्या बाजूला खोकी बांधणारे, आणि मधे हा. अठ्ठावीस वर्षं तो तिथे स्पीकर आणि ॲम्प दुरुस्त करत होता. ऑर्केस्ट्रावाले, बेंजो पार्ट्या, कॉलेजातले बँड, सगळे त्याच्याकडे यायचे, आणि यायचे ते त्याच्या हातापेक्षा त्याच्या कानासाठी. स्पीकरचा कागदी कोन कुठे उसवलाय, आतली कॉइल कुठे घासतेय, हे तो खोलून बघायच्या आधीच सांगायचा. ‘सुबोधने ऐकलंय ना? मग झालं,’ असं लोक म्हणायचे.

मधुवंती त्याच्याकडे आली ती एका बुधवारी, टेम्पोतून कॅबिनेट घेऊन. घाटकोपरची मुलगी, वय असेल अठ्ठावीस. आई गाणं शिकवायची, म्हणून रागाचं नाव मिळालेलं, पण वाजवायची इलेक्ट्रिक गिटार, एका ऑर्केस्ट्रात. कॅबिनेट म्हणजे चांगलं कमरेएवढं लाकडी खोकं, पोटात बारा इंची चार स्पीकर. खालचे दोन फाटले होते.

“काका, हे दोन आता मिळत नाहीत म्हणे,” ती म्हणाली. “बदली काय घालायचं ते तुम्हीच ठरवा. पंधरा दिवसांनी शो आहे.”

“ठरवू ना,” सुबोध म्हणाला. “ओहम जुळवावे लागतील, नाहीतर ॲम्पची वाट लागेल. वॅट जरा जास्त घेऊ. बाकी सगळं कानावर.”

बाकी सगळं कानावर, हे वाक्य तो वर्षानुवर्षं बोलत आला होता. गिटारचा स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा सरळमार्गी नसतो. तो काही सूर दाबतो, काही पुढे ढकलतो, आणि त्यातच त्याची गोडी असते. कागदावरचे आकडे सारखे असले तरी एक स्पीकर कानाला रेशीम लागतो आणि दुसरा पत्रा. मधुवंतीचे वरचे दोन जुने स्पीकर शाबूत होते. त्यांच्याशी नांदेल अशी जोडी शोधायची होती. सुबोधने ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तीन जोड्या पारखायला मागवल्या. एक बाहेरच्या देशातली, मऊ आवाजाची. दुसरी बाहेरचीच, पण नवी आणि मोठ्या आवाजाची. तिसरी दिल्लीकडच्या एका कारखान्यातली, जाड कोनची.

शुक्रवारी दुपारी त्याने पहिली जोडी बसवली, ॲम्प लावला, आणि त्याला शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी, लांबून यावी तशी. कुठेतरी अर्थिंग सुटलं असणार, असं म्हणून त्याने वायर बदलली. शिट्टी होतीच. सोल्डर पुन्हा मारलं. होतीच. ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर आणला, तरी ती तेवढीच. मग त्याने ॲम्प बंद केला. पंखा बंद केला. ट्यूबलाइट बंद केली. शेवटी मेन स्विच खाली ओढला.

अंधाऱ्या गाळ्यात शिट्टी वाजतच होती.

शेजारच्या वॉशरवाल्यांचं मशीन असेल म्हणून तो बाहेर जाऊन बघून आला. त्यांच्याकडे जेवणाची सुट्टी होती, मशीन थंड. परत येऊन तो स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. त्याबरोबर शिट्टी मोठी झाली. तेव्हा त्याला कळलं, शिट्टी आपल्याच कानात आहे, आणि तो घाबरला.

असा घाबरा तो उगाच झाला नव्हता. त्याचे वडील धोंडू मेस्त्री परळच्या गिरणीत साच्यांवर होते. शे-दीडशे मागांच्या खडखडाटात त्यांनी तेवीस वर्षं काढली, आणि पन्नाशीला त्यांचे कान गेले. घरात बोलणं चाललं की ते सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसायचे आणि सगळे हसले की हसायचे. कोणी काही विचारलं तर “माका ऐकाक येणा नाय रे” म्हणून हात हलवायचे. हळूहळू त्यांना कोणी विचारेनासं झालं. बहिणीचं लग्न ठरलं तेसुद्धा त्यांना दोन दिवसांनी कळलं. ते शेवटपर्यंत घरातच होते, पण गावाहून आलेल्या पाहुण्यासारखे. सुबोधने ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आता तो स्वतः त्रेपन्न वर्षांचा होता.

त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोला, क्षमाला, तर नाहीच. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, संध्याकाळी आली की दिवसभराचं काहीबाही सांगायची. तो मान हलवायचा. उशीवर डोकं टेकलं की शिट्टी वाढायची, म्हणून टीव्ही चालू ठेवून पडून राहायचा. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो ऐकून घ्यायचा, आहे का गेली. असायची.

सोमवारी मधुवंती गिटार घेऊन आली. सुबोधने एकेक जोडी लावली आणि ती तेच चार स्वर, तोच तुकडा प्रत्येकीवर वाजवत गेली. पहिली जोडी जरा दबलेली वाटली. दुसरी आणि तिसरी मात्र त्याला सारखीच ऐकू आली. त्याने पुन्हा वाजवायला सांगितलं. मान तिरकी करून उजवा कान पुढे केला. आकडे पाहता दोघींत जमीनअस्मानाचा फरक असायला हवा होता, आणि त्याला तो सापडत नव्हता.

“काय वाटतं काका?” मधुवंतीने विचारलं.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसरी वाजताना तिच्या भुवया वर गेल्या होत्या. आवडल्यामुळेच गेल्या असणार, असं त्याने धरलं.

“दुसरी,” तो म्हणाला.

“नक्की? मला जरा बोचरी वाटली.”

“नवीन आहे म्हणून. कोन वाजून वाजून मऊ होतो. पंधरा-वीस तास वाजव, उतरेल.”

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणूनच ते त्याला इतक्या सहज बोलता आलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार.” कॅबिनेट टेम्पोत चढलं. सुबोधने शटर अर्ध्यावर ओढलं आणि बराच वेळ तो आत नुसता उभा राहिला.

पुढचे दिवस त्याने फोनच्या धास्तीत काढले. फोन वाजला की तो आधी नाव बघायचा, आणि नाही वाजला की आपल्याला ऐकू आला नाही की काय म्हणून तो उचलून बघायचा. शोच्या आदल्या आठवड्यात तो वाजलाच.

“काका, खरं सांगू का,” मधुवंती म्हणाली, “ते स्पीकर नाही जमत आहेत. प्रॅक्टिसला सगळे ओरडले, सुरी फिरवल्यासारखं लागतं म्हणाले. तुम्ही सांगितलं म्हणून मी रोज तीन-तीन तास वाजवले, लवकर मऊ व्हावेत म्हणून. छोटी खोली आहे आमची.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “परवापासून माझ्या कानात शिट्टी वाजतेय. झोपल्यावर जास्त. असं होतं का हो?”

आतापर्यंत त्याची भीती त्याच्यापुरती होती. आपलं काम जाईल, नाव जाईल, आपण घरातल्या घरात पाहुणे होऊ, एवढीच. आता त्याला दिसलं की त्याने एक शब्द खोटा बोलून तीच गोष्ट एका अठ्ठावीस वर्षांच्या मुलीच्या कानात घालून दिली होती.

“वाजवायचं बंद कर,” तो म्हणाला. “आजपासून. आणि घरी कोणी विचारलं तर सांग, लपवू नकोस. मी डॉक्टर बघतो.”

घरी जाऊन त्याने क्षमाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

“किती दिवस?” तिने विचारलं.

“शिट्टी आठ दिवस. बाकीचं… माहीत नाही. वर्ष असेल, दोन असतील.”

क्षमाने भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, “कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या की तुम्ही चुकता. मी मागून हाक मारली की ओ देत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करताय. माझं बोलणं नकोसं झालंय तुम्हाला.” तिचे डोळे भरून आले होते. “दोन वर्षं मी हेच धरून बसले होते हो.”

दुसऱ्या दिवशी ते दोघं घाटकोपरला कानाच्या दवाखान्यात गेले. तपासणी करणाऱ्या बाईंचं नाव संघमित्रा. मधुवंती आधीच येऊन बसली होती, चेहरा उतरलेला. तिला पहिल्यांदा आत घेतलं. नंतर सुबोधची पाळी आली.

काचेच्या बंद खोलीत त्याला हेडफोन लावून बसवलं, हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीचे जाड सूर आले, त्याने पटापट दाबलं. मग बारीक व्हायला लागले. मग काहीच येईना. काचेपलीकडे संघमित्राबाईंचा हात यंत्रावर फिरत होता. म्हणजे काहीतरी वाजत होतं. खोलीत फक्त त्याची शिट्टी होती. आणि भीतीने त्याने अंदाजाने बटण दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं.

दार उघडलं. “काका,” बाई सौम्यपणे म्हणाल्या, “आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं.”

सुबोधने मान खाली घातली. अठ्ठावीस वर्षांत त्याला कोणी असं पकडलं नव्हतं. “पुन्हा घ्या,” तो म्हणाला. “आता नाही करणार.”

नंतर त्यांनी दोघांना ऐकण्याचे आलेख काढलेले कागद दाखवले. मधुवंतीची रेघ जवळजवळ सरळ होती. कान दमलेत, त्यांना शांतता द्या, बहुतेक ओसरेल. आठवड्याने पुन्हा बघू, असं त्या म्हणाल्या. सुबोधची रेघ मात्र चालता चालता बारीक सुरांच्या बाजूला, चार हजारांच्या आकड्यापाशी, खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचं असंच होतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं मात्र सांभाळता येतं.

सुबोध त्या खड्ड्याकडे बघत राहिला. गिटारच्या स्पीकरची सगळी धार नेमकी तिथेच असते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

बाहेरच्या बाकावर त्याने मधुवंतीला सांगितलं. दुसरी आणि तिसरी जोडी मला सारखीच ऐकू आली होती. तुझं तोंड बघून मी उत्तर दिलं.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा आवाज चढला. “मी सांगत होते बोचतंय म्हणून. मला माझं खरं वाटत होतं, तरी मी तुमचं ऐकलं. एक शब्द बोलला असतात ना काका, की ऐकू येत नाही. एवढंच.”

“घाबरलो होतो,” सुबोध म्हणाला.

ती उठून गेली. शोला तिने कानात बोळे घालून दुसऱ्याचं कॅबिनेट वापरलं, हे त्याला तिऱ्हाइताकडून कळलं. दहा दिवस ती आली नाही, आणि ते दहा दिवस त्याला तिच्या कानाचं काय झालं असेल याच विचाराने घेरलं होतं. स्वतः फोन करायचं धाडस होईना. क्षमाने शेवटी करायला लावला.

“गेली शिट्टी,” मधुवंती म्हणाली. “सहाव्या दिवशी सकाळी उठले तर नव्हती. तपासून पण आले.” मग म्हणाली, “शनिवारी येते. ते स्पीकर बदलायचेत ना?”

शनिवारी त्याने आधी कानांवर जाड आवरणं चढवली आणि तिलाही दिली. ॲम्प बोलण्याएवढ्याच आवाजात ठेवला. व्यापाऱ्याकडून मोजणीचा एक माइक उसना आणून लॅपटॉपला जोडला होता. प्रत्येक जोडीची रेघ त्याने पडद्यावर काढली. दुसऱ्या जोडीची रेघ चार हजारांपाशी सुळक्यासारखी वर गेली होती. त्याच्या कानातल्या खड्ड्यात तो सुळका बरोब्बर बुडाला होता. त्याने तो तिला बोटाने दाखवला.

मग दोघांनी आवरणं काढली, त्याने तिला ऐकायला सांगितलं आणि तो विचारत गेला. खालची तार फुगते का? जुन्या दोघांच्या पुढे नवे पळतात का? पहिली जोडी वरच्यांखाली दबते का? ती उत्तर द्यायची, तो कागदावर लिहायचा. मधेच एकदा ती हळू काहीतरी बोलली. सवयीने तो मान हलवणार होता. थांबला.

“नाही ऐकू आलं,” तो म्हणाला. “परत सांग.”

“तिसरी,” मधुवंती म्हणाली. “जाड कोनवाली. पण ती एकटी थोडी ठोकळ वाटते.”

“मग नवे दोन्ही खाली नको. एक वर, एक खाली, तिरके बसवू. जुना शेजारी मिळाला की खुलेल.” हे सांगायला त्याला कान लागले नाहीत.

त्याने स्पीकर तिरके बसवले, वायरी जोडल्या, मीटर लावून ओहम तपासले. तिने वाजवलं, बराच वेळ वाजवलं, आणि नंतर वायर गुंडाळायला घेतली. टेम्पो निघताना म्हणाली, “माझा राग गेलेला नाही अजून. पण महिन्यातून दोन शनिवार येईन, तुमचं ऐकायचं काम असेल तर. घाटकोपरहून लांब नाही.”

आता गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला सुबोध आधीच सांगतो, वरचे सूर मला ऐकू येत नाहीत, रेघ काढून देईन आणि ऐकायला माणूस बोलावीन. दोन जुने ऑर्केस्ट्रावाले तेवढं ऐकून परत गेले, ते आलेच नाहीत. बाकीचे टिकले. कानाला मशीन लावायचं अजून ठरत नाही. त्यासाठी तो एकदा संघमित्राबाईंच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आला. येत्या गुरुवारी पुन्हा वेळ घेतलीय, आणि या वेळी क्षमाने शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.