चुन्याचा दगड जागच्या जागी होता

मी चौथी नापास माणूस. वाचायला शिकलो ते शाळेत नाही, पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलावर. तिशी उलटल्यावर, ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर फोडत. अजूनही बोट उचललं की ओळ सुटते. पण जे वाचलं ते पाठ आहे, आणि घरात कोणी चुकलं की ते त्याच्यापुढं मांडायला मी कधी मागंपुढं पाहिलं नाही. मुलानं शेजाऱ्याचं खुरपं न विचारता आणलं, तर त्याला भरल्या ताटावरून उठवून परत द्यायला पाठवलं. सुनेचं नळावर भांडण झालं, तर दिवस मावळायच्या आत त्या बाईच्या दारात जाऊन ‘चुकलं’ म्हणायला लावलं. बाईनं दोनदा दार लावून घेतलं, तरी तिसऱ्यांदा पाठवलं. सून गेली. पण जाताना चौकटीत थांबून म्हणाली, “मामा, शास्त्रातलं सगळं आमालाच लिहिलंय का? तुमच्या वाटणीला कावून काई येत न्हाई?”

मी म्हणालो, “माझ्या वाटणीचं मी बघतो.”

ते मी सात वर्षं बघत नव्हतो.

माझा धंदा पाणाड्याचा. बोअर कुठं घ्यायचा, पाणी कुठं लागेल, ते सांगायचं. आमच्या बीडकडं याला मान आहे. जमीन सगळी मुरमाड, पाणी लपून बसलेलं. ते दाखवणाऱ्याला माणसं गाडी पाठवून बोलावतात. माझ्यासाठी चकलांब्यापासून माजलगावापर्यंत माणसं आली. लोकांपुढं मी तळहातावर नारळ आडवा धरून चालायचो आणि पाण्यावर आलो की तो उभा राहायचा. तो उभा राहतो असं लोकांना वाटायचं. हाताचं काम माझं मला ठाऊक. खरं मी बघायचो ते वारूळ, उंबर, उन्हाळ्यातही हिरवी राहिलेली हराळी, दगडाचा रंग. जागा ठरली की तिथं चुना लावलेला दगड ठेवायचो. माझा दगड म्हणजे निकाल. कोणी तो हलवायचा नाही आणि मशीनवाल्यानं बरोबर त्याच्यावर दांडा सोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज.

तालुक्याच्या स्टँडसमोर फळांचा गाडा लावणारे दोन सख्खे भाऊ होते, मुसलमानाचे. गाडा एक, घर एक, चूलही एक. लिंबागणेशच्या वाटेला त्यांचं दोन एकर रान. मोसंबीची बाग लावायची त्यांनी मनावर घेतली आणि मला नेलं. माझ्याआधी दुसऱ्या एका पाणाड्याला दाखवलं होतं. तो म्हणाला होता, इथं काही नाही, पैसा घालू नका.

हे मला थोरल्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मी सगळं रान फिरलो. वारूळ नाही, उंबर नाही, हराळी करपलेली. इथं पाणी नाही हे मला दिसत होतं. पण जे तो दुसरा म्हणाला तेच मी म्हणायचं? मग लोक माझ्याकडं कशाला येतील? मी बाभळीपासून वीस पावलं मोजली, नारळ उभा केला आणि दगड ठेवला.

थोरला म्हणाला, “चाचा, नक्की ना?”

“माझा दगड हाय,” मी म्हणालो. “पुन्हा इचारायचं न्हाई.”

दोन दिवसांनी मशीन आली. थोरला गाड्यावर होता, धाकटा रानात. आईचे दागिने मोडून मशीन आणली होती. खाली जाईल तितका पांढरा फुफाटा वर येत राहिला. ओल नाही. मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा थोरलाही आला होता, वीसेक माणसं जमली होती आणि सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती.

चुन्याचा दगड मशीनवाल्यानं उचलून कडेला ठेवला होता. बोअर बाभळीपासून वीस पावलांवर होता. मी ठेवला होता तिथंच. मी पावलं मोजली. वीस. आणि तोंडानं म्हणालो, “माझी खूण पंधरा पावलांवर हुती. दगड हलवलाय कुणीतरी.”

रानात धाकट्याशिवाय कोणी राहिलं नव्हतं. वर त्यानंच आदल्या दिवशी म्हटलं होतं, की बाभळीच्या फांद्यांमुळं मशीनची गाडी जवळ लागायची नाही. थोरला त्याच्याकडं वळला.

“तू सरकवलास?”

“खुदा कसम, भाई, मी हातसुद्धा लावला न्हाई.”

“मग चाचा खोटं बोलतेत का?”

धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नारळ पिशवीत घातला आणि निघालो.

पुढं घरात मधोमध भिंत उभी राहिली. दोन चुली झाल्या. स्टँडच्या या बाजूला थोरल्याचा गाडा, त्या बाजूला धाकट्याचा. आई वारली तेव्हाही दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. हे सगळं मला कळत होतं. मी स्टँडवर उतरलो की दोन्ही गाडे टाळून मागच्या बोळानं जायचो. रविवारी देवळात, आमच्या चर्चात, पुढच्या बाकावर बसायचो.

यंदा ज्वारी निघाली त्या आठवड्यात थोरला माझ्या दारात आला. मुलीच्या निकाहची पत्रिका घेऊन. पाणी प्यायला, बसला. मी विचारलं, “धाकट्याला दिली का?”

“त्याला न्हाई देणार,” तो म्हणाला. “चाचा, बाग गेली त्याचं काई न्हाई. पण तो एकदा ‘चुकलं’ म्हणला असता तर मी तिथंच गळ्यात घेतला असता. सात वर्षं झाली, कबूल करत न्हाई. लई आडमुठा.”

तो गेला. पत्रिका मी पवित्र शास्त्रात ठेवली आणि ते दोन दिवस उघडलं नाही.

रविवारी आमचा हंगामाचा सण होता. या दिवशी ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं पहिलं वेदीपुढं आणून ठेवायचं. कोणी हरभरा, कोणी भोपळा, कोणी अंडी. उपासना झाली की पाळकसाहेब सगळ्यावर प्रार्थना करतात, मग बाहेर अंगणात त्याचा लिलाव होतो. मी पाटीभर कणसं नेली होती, निवडून, एकेक टपोरं. माझी पाटी नेहमी मधोमध असते. कोणीतरी पाय बांधून कोंबडा आणला होता, तो तिच्या शेजारी.

शास्त्र वाचायची पाळी सुनेची होती. डोंगरावरच्या उपदेशातला तो भाग मला तोंडपाठ आहे: भेट घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर भेट तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन भेट दे. हेच सांगून मी सुनेला त्या बाईच्या दारात पाठवलं होतं. वाचताना तिनं वर पाहिलं नाही. तिला पाहायची गरजही नव्हती. तेवढ्यात कोंबडा आरवला आणि सगळं देऊळ हसलं. मला हसू आलं नाही. शास्त्र वाचलेल्या माणसाला कोंबडा आरवला की तो आरवायच्या आत गुरूला तीनदा नाकारणारा शिष्य आठवतो.

मी उठलो. काठी घेतली.

पाळकसाहेब म्हणाले, “बाबा, बरं वाटत न्हाई का?”

“बरं हाय. माझी पाटी हितंच राहू द्या. लिलावात घालू नका, कुणी हात लावू नका.”

“उपासना व्हायचीय अजून. कुठं निघालात?”

“आता वाचलं तिथं.”

टमटम धरून स्टँडवर गेलो. वाटेत मनात आलं, थोरल्याला बाजूला घेऊन हळूच सांगावं, तो धाकट्याला सांगेल. ते मी तिथंच मोडून काढलं. खोटं वीस माणसांत बोललो होतो, खरं कानात कसं सांगायचं?

थोरला द्राक्षं तोलत होता. मी म्हणालो, “भावाला बोलाव. दोघांसमोर बोलायचंय.”

“कोणता भाऊ? मला भाऊ न्हाई.”

मी त्याच्या गाड्यापुढं खाली बसलो, मातीत.

“चाचा, गिऱ्हाईक अडतंय. धंद्याचा टाईम हाय.”

“अडू दे. तो आल्याबिगर उठत न्हाई.”

शेजारचा केळीवाला हसायला लागला. “भाई, द्या की बोलावून. म्हातारा पाळंमुळं धरल इथं.” आणि त्यानंच रस्त्यापलीकडं हाळी दिली. धाकटा आला, पण चार हात लांब उभा राहिला.

मी उठून उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणालो, “दगड कुणी हलवला न्हवता. माझी खूण ईस पावलांवरच हुती. तिथं पाणी न्हाई हे मला दिसत हुतं. दुसऱ्या पाणाड्याचं खरं ठरू ने म्हणून दगड ठेवला, आन् माझं नाव जाऊ ने म्हणून याच्यावर घातलं. पाप माझं हाय.”

 थोरल्याच्या तागडीत द्राक्षं तशीच होती. मला वाटलं होतं, शिव्या खाईन आणि मोकळा होईन. धाकटा शिवी देत नव्हता. मग म्हणाला, “अम्मी मरताना मला म्हणली, बेटा, हलवला असशील तर सांगून टाक. मरणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं हुतं, चाचा?”

मी टोपी काढून हातात धरली.

“हितं गाड्यावर सांगितलंत,” तो म्हणाला. “जिथं बोललात तिथं चला. जे हुते त्या सगळ्यांसमोर.”

“चल,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो. तेव्हाच्या वीसातली बारा-तेरा माणसं आली. बोअरच्या तोंडावर फरशी झाकलेली होती. मी बाभळीला पाठ लावली आणि मोठ्यानं आकडे म्हणत निघालो. विसाव्या पावलाला काठी फरशीवर आपटली. मग कालचंच सगळं पुन्हा सांगितलं, नारळासकट. नारळ कसा उभा करतात तेही दाखवलं.

माझ्याच वयाचा एक गडी म्हणाला, “बे म्हाताऱ्या, माझ्या रानातबी तूच नारळ धरला हुता!”

“तुझ्याकडं लागलं की पाणी.”

“लागलं. पण आता वाटतंय, ते आपलं आपणच लागलं.”

माणसं हसली. माझ्या नावाची तेवढीच किंमत उरली. त्या दिवसापासून मला कोणी पाणी बघायला बोलावलं नाही आणि बोलावलं तरी मी जाणार नाही. थोरला धाकट्यापुढं गेला आणि म्हणाला, “भाई, मी तुझं ऐकलं न्हाई.” धाकटा म्हणाला, “न्हाई ऐकलंस.” मग दोघं एकाच मोटारसायकलवर बसून गेले. मला बसा म्हणालं नाही कोणी. मी चालत आलो.

संध्याकाळी देवळात गेलो. लिलाव आदल्या दिवशीच उरकला होता. वेदीपुढं माझी पाटी एकटी. पाळकसाहेब म्हणाले, “झाला ना समेट? या, प्रार्थना करून टाकू.”

“त्या दोघांचा झाला. माझा न्हाई. धाकट्यानं मला माफ केलं न्हाई.”

“तुम्ही तुमचं काम केलंत, बाबा. देव मन पाहतो.”

“शास्त्रात आधी समेट लिहिलाय, मग भेट. मी उलटं करणार न्हाई. सुनेला एका बाईच्या दारात मी तीनदा पाठवलं हुतं.”

पाटी तशीच राहिली. चार रविवार. देवळाच्या खिडकीला जाळी नाही, चिमण्या आत यायच्या. सून म्हणाली, “मामा, कणसं खात्यात चिमण्या.”

“खाऊ दे.”

“घरला आणू का, दुसरी नेऊ पुन्हा?”

“हीच द्यायची.”

 त्या आठवड्यापासून मी स्टँडवर निघालो की ती न सांगता डब्यात भाकर बांधून द्यायला लागली. मी रोज जायचो. धाकट्याच्या गाड्याजवळ उभा राहायचो. तो तोंड फिरवायचा. मी काही मागत नव्हतो. हट्टी माणसाला एवढंच येतं; आयुष्यभर हट्ट खोट्यासाठी वापरला, आता उरलेला इकडं लावायचा असं ठरवलं होतं.

निकाहला मी गेलो. मांडवात चटईवर पंगत बसली होती. वाढायला कोण कोण होतं ते मी पाहिलं नाही, खाली मान घालून बसलो होतो. पुढं पाय थांबले. वर पाहिलं तर धाकटा, हातात डेगचीतला मोठा चमचा. पुतणीच्या लग्नात चाकरीला उभा होता, बाह्या वर केलेल्या, घामानं निथळत. तो तसाच उभा राहिला. शेजारची माणसं खायची थांबली. मग त्यानं माझ्या ताटात भात घातला, एकदा, आणि पुन्हा एकदा.

“खावा, चाचा,” तो म्हणाला. “पाणी मात्र टँकरचं हाय. इकत घ्यावं लागतं आमाला.”

पंगत हसली. तोही थोडा हसला आणि पुढच्या ताटाकडं वळला. मी खाल्लं. ताटात दाणा ठेवला नाही.

रविवारी उपासनेआधी मी वेदीपुढं गेलो. चिमण्यांनी निम्म्याहून जास्त संपवलं होतं. कणसांच्या नुसत्या काड्या, तळाला मूठभर दाणे. पाटी उचलून पाळकसाहेबांच्या हातात दिली.

“ही घ्या,” मी म्हणालो. “आता ही भेट माझी हाय.”