मनोहरभाऊंचं निर्जीव अंडं

मनोहरभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी, त्यांच्याच हट्टापायी खुराड्यात कोंडलेल्या माझ्या कोंबड्याला ज्वारी टाकत होतो. मधल्या भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली, "भाऊजी, हे उठूनच नाई राह्यले. जरा येता का?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी ज्वारीचा डबा हातात घेऊनच गेलो... झोपेतच गेले होते. त्याला आता महिना होऊन गेला. लोक विचारतात, शेजारी कसे होते हो? मी चांगले होते म्हणतो. खरं सांगायचं तर डोक्याला ताप होते. आता तो ताप नाही, तर दिवस जाता जात नाही.

बोरगाव मेघ्याला आमची घरं एकाच भिंतीला लागून. मनोहरभाऊंनी सगळी नोकरी देवळीच्या एका जिनिंगमध्ये काढली, कापसाची प्रत ठरवण्याच्या कामावर. गाडीतल्या वरच्या कापसावर त्यांचा कधीच भरवसा नसे. कोपरापर्यंत हात खुपसून तळचा कापूस पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट नाही. घरीही हाच खाक्या. दूधवाल्याची म्हैस बघायला हा माणूस बसने पवनारला जाऊन आला होता. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या या गृहस्थाला मागच्या आजारपणानंतर डॉक्टरांनी सांगितलं, अंगात काही उरलेलं नाही, रोज एक अंडं खा. वहिनी रडल्या, तेव्हा भाऊंनी तोडगा काढला... कोंबड्याशिवाय झालेल्या अंड्यात जीव नसतो, तेवढं खाईन. मी म्हटलं, मग दुकानातलं आणा, ती सगळी तशीच असतात. "तिथं कोंबडा होता का नाई, तुम्ही पाह्यलं का, मास्तर?" मी पाहिलेलं नव्हतं. झालं, अंड्यावर आलेल्या तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, त्यांनी विकत आणल्या आणि अंगणात सोडल्या.

कोंबडा माझा होता, आणि ज्यावर चढून तो पलीकडे उतरे, तो भिंतीला टेकलेला शेवगाही माझाच. एके दिवशी सकाळी भाऊ फाटकाशी उभे, हातात अंडं.

"तुमचा कोंबडा आमच्या अंगणात येऊन राह्यला."

"बरं मंग?"

"मंग आता याच्यात जीव आहे का नाई?"

"भाऊ, उकडा अन् खाऊन टाका. कोणी विचारायले येत नाई."

"तसं कसं खाऊ?"

ताज्या अंड्यात बघून काही कळत नाही. ते आठेक दिवस उबवलं आणि अंधारात बॅटरीसमोर धरलं, तर जीव असल्यास आत लाल शिरा दिसतात. म्हणून भाऊ आपली अंडी माझ्या उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली आणून ठेवू लागले. शिरा दिसल्या, की जीव आहे, खायचं नाही. नाही दिसल्या, की जीव नाही हे सिद्ध झालं, पण तोवर उबेला राहून अंडं नासलेलं. या रीतीने जगात कुणालाही अंडं खाता येणार नाही, हे मी त्यांना फरशीवर खडूने मांडून समजावलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण पाह्यल्याशिवाय कसं खाऊ?" मी खडू तिथेच टाकून उठलो. त्यांचा सदरा दिवसेंदिवस सैल होत होता, वहिनी बोलायच्या बंद झाल्या होत्या, आणि माझ्या अंगणात त्यांच्या न खाल्लेल्या अंड्यांची पिल्लं दाणे टिपत फिरत होती. मला त्यांचा इतका राग येई की त्या पिल्लांचाही येई.

शेवटी मीच जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कोंबडा दूर केला तरी तीन आठवडे अंड्यात जीव धरू शकतो, पुढे नाही, असं ते म्हणाले.

"तीन हप्ते कोंबडा कोंडून ठेवतो," मी भाऊंना सांगितलं. "मंग तरी खासान ना? का आणखी काई पाहाचं राह्यलं?"

"तुम्ही कोंडला म्हणजे मी पाह्यलाच."

इतक्या वर्षांत या माणसाने न पाहता मानलेली ही पहिली गोष्ट. मी तसाच उठून कोंबडा धरायला गेलो. तो खुराड्यातून दिवसभर बोंबलायचा आणि पलीकडून भाऊ विचारायचे, "आहे ना आत?" तिसरा आठवडा लागला होता, तेव्हा ते गेले.

कोंबडा मी त्यानंतरही सोडला नाही. तेरवी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी वहिनी वाटी घेऊन आल्या. आपल्या स्वयंपाकघरात नको म्हणून अंगणात तीन विटा मांडून त्यांनी अंडं उकडलं होतं. सोलून, वर मीठ घातलेलं.

"आता चालते ना, भाऊजी? तीन हप्ते झाले."

"चालते."

"पह्यलं अंडं मास्तराईसमोर बसून खाईन म्हणत होते... आता तुम्हीच खा."

वहिनी वाटीसाठी थांबल्या होत्या. मी ते उभ्यानेच खाल्लं. मनोहरभाऊ, रोजच्या अंड्यासारखंच लागलं हो. काडीचाही फरक नव्हता.