मंगळवार-गुरुवारचा वर्ग

मावशी फळ्यावर लिहायच्या त्या तिरक्या उभ्या राहून. एक डोळा खडूवर, एक वर्गावर. "पाठ फिरवली की मुलं हातची गेली," असं त्या म्हणत. चिनहटमधल्या एका लहानशा खासगी शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. मूळच्या सोलापूरच्या, यजमान बँकेत, म्हणून लखनौला आलेल्या. मी पीएचडीसाठी वर्ग पाहत होते. शिक्षक कोणाला प्रश्न विचारतात, कोण गप्प राहतं, ते वहीत टिपायचं. शहरात नवी होते. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, मग मॅडम काय म्हणतेस? मावशी म्हण."

दर मंगळवारी आणि गुरुवारी मी आलमबागहून मेट्रोने, पुढे ऑटोने जायचे. मधल्या सुट्टीत त्या डबा उघडून माझ्यापुढे सरकवत. भाकरी, शेंगाचटणी. "खा आधी. उपाशी माणसाला वर्ग वाईटच दिसतो."

वर्ग मात्र खरंच सुरेख. बावीस मुलं, आणि सगळी बोलायची. उत्तर चुकलं की मावशी खूश. "अरे वाह, ये तो नई तरह की ग़लती है! बताओ, कैसे सोचा?" सात महिने मी पाहिलं आणि भारावून अख्खं प्रकरण लिहिलं: या वर्गात एकही मूल गप्प नाही. हजेरीपट बघायला हवा होता. पण मावशींकडे कसला मागायचा, असं वाटलं.

एका बुधवारी विसरलेली छत्री आणायला गेले. वर्गात भिंतीलगत नऊ अनोळखी मुलं बसलेली. दाराजवळच्या मुलीला विचारलं, "नई आई हो?"

"नहीं मैडम. हम लोग मंगल और बृहस्पति को नहीं आते. मैडम ने मना किया है."

मावशींनी ऐकलं. मला व्हरांड्यात नेलं. "त्यांना अजून वाचता येत नाही गं. तू तेच लिहिलं असतंस."

"लिहिलं असतं. त्यासाठीच तर येत होते ना मी!"

"तुला घरची समजले," त्या म्हणाल्या. "आता माझी नोकरी घालवणार?"

मी निघाले. ऑटोत रडू फुटलं. सात महिने त्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं, आणि तेवढे महिने, मी यायचे त्या दिवशी, नऊ मुलं घरी बसली होती.

प्रकरण नव्याने लिहिलं. शाळेचं, मावशींचं, मुलांचं, सगळ्यांची नावं बदलली. विद्यापीठात देण्याआधी त्यांना वाचायला पाठवलं. पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. चिठ्ठी नाही, रागाचा शब्द नाही, एका वाक्यालाही हरकत नाही. फक्त त्या नऊ मुलांच्या पानावर माझी खोटी नावं लाल शाईने कापलेली होती, आणि प्रत्येकाच्या वर मावशींच्या गोल अक्षरात खरं नाव लिहिलेलं. नऊच्या नऊ.