बन्सीच्या शेवयांचा डबा

वडनेरच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग वर फळीवर टाकली, पण पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर दिला. "वरतं ठेवू नको, चुरा होते." माय खिडकीखाली उभी होती. नवी नवरी पुण्याला निघालीय, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात की नाही? तिचं आपलं एकच. "डबा कधी खाली करू नको वं. मूठभर ठेवत जाय, नवीन येईपर्यंत." गाडी हलली. मी तो डबा कवटाळून मलकापूरपर्यंत रडले, मग झोप लागली.

डब्यात शेवया होत्या, बन्सी गव्हाच्या. आमच्याकडून बाहेर पडलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. बन्सी म्हणजे आमच्या काळ्या मातीत नुसत्या ओलीवर येणारा गहू. दाणा लांबट, पीठ चिवट, शेवई तुटता तुटत नाही. विहिरीमागचा एक पट्टा त्याचाच असे. उन्हाळ्यात माय पाटावर तळव्यानं शेवई वळायची आणि खाली येणारी तार मी ताटात झेलायची. तुटली की माझ्या नावानं शिमगा. मग खाटेवर धुतलेलं लुगडं पसरून त्यावर वाळवण, आणि वाळल्या की, लग्नानंतरही दरवर्षी, एक डबा माझा. जुन्यातली उरलेली मूठ नव्यात मिसळायची, तेव्हाच जुना डबा धुवायचा. आमच्या घरचा हा नेम.

पुण्यात रविवारी आम्ही उशिरा उठतो. नाश्ता नाही, जेवण नाही, मधलंच काहीतरी. त्याला इकडे ब्रंच म्हणतात. मी मुगाचं पाणी काढते, तुपात ठेचलेला लसूण, जिरं, एक टोमॅटो, चिमूटभर काळा मसाला, आणि उकळी आली की मूठभर शेवया. नवरा त्याला नूडल सूप म्हणतो. म्हणू दे. मला ताप आला की माय हेच करायची, टोमॅटो सोडून. दुधागुळाच्या शेवया पाहुण्यांना, तिखटमिठाच्या दुखणेकऱ्याला.

मग कपाशी आली. म्हणजे होतीच, पण बीटी बियाण्याची आली. पहिली काही वर्षं बोंडं अशी लागली की बाबांनी घरावर स्लॅब टाकला. तूर गेली, ज्वारी गेली. "कपाशी इकू अन् गहू इकत घेऊ," बाबा म्हणायचे. माय हसून म्हणायची, "घ्या. पण इकतच्या गव्हाची शेवई तारावर तार तुटते." विहिरीमागचा पट्टा तेवढा तिनं राखला होता. एका जूनमध्ये बाबांनी त्यातही कपाशीच लावली.

त्याच वर्षी गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत सडलेलं. बाबांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. त्या हिवाळ्यात माय गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते आणि माणसं काय विचारतात ते त्यांना कळत नव्हतं. दिवस झाल्यावर घराला कुलूप लावून मी त्यांना पुण्याला घेऊन आले.

आणले खरे, पण माणूस जेवेना. अर्धी पोळी, दोन घोट पाणी, की उठले. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. आजार नाही तर मग काय आहे ते सांगा ना! मी पिठलं केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, पाया पडले, ओरडले. "भूक नाही बाई," एवढंच उत्तर. माय गेली तशी हेही माझ्या डोळ्यांदेखत जाणार, या भीतीनं मी ऑफिसातून सारखी फोन करायची.

त्या रविवारी मी डबा काढला. गेल्या उन्हाळ्यातला, मायच्या हातचा शेवटचा. लसणाची फोडणी बसली आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आपणहून. मी शेवया टाकल्या आणि उरलेली मूठ तशीच ठेवून झाकण लावू लागले.

"काऊन ठेवतं?"

"नवीन येईपर्यंत ठेवायची ना, बाबा." बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली.

ते खुर्चीत बसले. "नवीन कुठून येईन? ह्या बियाच्या गव्हाच्या व्हत्या. मडक्यात राखीत घालून ठेवला व्हता तुया मायनं. उन्हाळ्यात मी पट्टा कपाशीखाली घ्याचं ठरोलं, तं मले म्हणे, पेराले जागा नाही ठेवली तुमी, आता पोरीले तरी शेवया करून धाडतो. सारं बी दळलं तिनं." मग त्यांनी डब्याकडे बोट केलं. "टाक. साऱ्या टाक. आज मले खाऊ दे."

मला टाकायच्या नव्हत्या. ती मायच्या हातची शेवटची मूठ होती आणि ती एकदाच उकळणार होती. पण समोर बसलेलं माणूस कित्येक दिवसांनी खायला मागत होतं. मी टाकल्या.

बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या. भुरके मारत, डोळे पुसत, पुन्हा खात. वाटी खाली ठेवून म्हणाले, "जून लागला की गावाले जाऊ का वं?"

"काय पेरसान, बाबा?"

त्यांनी वाटीच्या तळाशी चिकटलेली शेवई बोटानं निपटून खाल्ली.

कोणी विचारलं, गाव कोणतं, तर मी अजून वडनेर सांगते. तिथं स्लॅबचं घर आहे, त्याची किल्ली इथं फ्रिजशेजारी खिळ्याला आहे. बाबा आता थोडं थोडं जेवतात, गॅलरीत बसून आभाळ बघतात. डबा मात्र मी धुतलेला नाही. त्याच्या तळाशी चिमूटभर चुरा आहे. शेवया पेरून काही उगवत नाही, शेतकऱ्याच्या लेकीला एवढं कळतं. पण माय, डबा मी खाली केला नाही.