स्वस्तातली गरम हवा

सत्यभामाबाईंच्या दुधाची फॅट मोजायच्या मशीनचा बोर्ड दुरुस्तीवाल्या विरेशनं जाळला. त्यात बोर्डाचा काडीचाही दोष नव्हता.

शेतीपंपांची लाईट चालू असली की ईट गावात व्होल्टेज मरतं आणि ती गेली की उसळतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. विरेश तर त्याच वेळा बघून विहिरीवरची मोटार चालू-बंद करायचा. तरी त्या दुपारी, सोल्डर वितळवायच्या त्याच्या स्वस्तातल्या गरम हवेच्या मशीनवर साडेतीनशे डिग्रीचा आकडा दिसत असूनही सोल्डर वितळेना, तेव्हा त्यानं बटण पार शेवटापर्यंत पिळलं आणि नळी बोर्डाला टेकवायचीच बाकी ठेवली. नेमकी तेव्हाच शेतीची लाईट गेली. मशीन फुरफुरलं. डिस्प्लेचा पांढरा कनेक्टर मेणासारखा ओघळला आणि बोर्डावर पापडासारखा फोड आला.

बाईंचं दूध संकलन केंद्र त्या मशीनवर चाललेलं. फॅट लागली तर भाव, भाव तर दूध. संध्याकाळच्या दुधाआधी मशीन लागलं नाही तर बाया किटल्या घेऊन समोरच्या नव्या केंद्रावर जाणार, आणि तिकडं गेलेली किटली परत येत नसते.

तेवढ्यात बाई दारात. "झालं का रं?"

"होतंय की, काकू. च्या घ्या."

"च्या न्हाय मागितला म्या. वास कशाचा येतोय?"

"उदबत्तीचा."

"लई कडू उदबत्ती आणलीस!" म्हणून बाई गेल्या.

आता गावात एकच दार उरलं होतं, दुसऱ्या दुरुस्तीवाल्या मल्लिकार्जुनचं. आणि त्याच दारावर विरेशनं स्वतः काटे टाकून ठेवलेले. मल्लिकार्जुननं महागडं मशीन आणून त्याला हार घातला, त्या दिवशी विरेश पानटपरीवर चारचौघांत म्हणाला होता, "गरम हवा ती गरम हवा. चार हजारांची काय अन् चाळीस हजारांची काय! ह्याला हार घालण्यापरीस म्हशीला घाला, दूध तरी दील." टपरी हसली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

फडक्यात बोर्ड गुंडाळून तो गेला.

"या विरेशराव!" मल्लिकार्जुन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "म्हशीला बरं वाटंना का?"

"मल्ल्या, टोमणे मग मार. बाईंचं केंद्र बसंल."

बोर्ड बघून मल्लिकार्जुनचं हसू मावळलं. त्यानं भंगारातल्या बोर्डावरचा तसलाच कनेक्टर काढला, मशीन लावलं. आकडा हलेना, हवा डगमगेना. जाडजूड बोर्ड सगळीकडून सारखा तापला, सोल्डर पाण्यासारखं चमकलं. जळून उडालेल्या तांब्याच्या एका रेषेच्या जागी केसाएवढी तार जोडायची होती. असलं बारीक काम मात्र विरेशच्या हाताचं, ते त्यानं केलं. जोडता जोडता त्याला टेबलाखाली काहीतरी घुमताना ऐकू आलं.

"हे काय रं?"

"स्टॅबिलायझर," मल्लिकार्जुन पुटपुटला.

"म्हंजी कमाल मशीनची न्हाय, ह्याची!"

"तुझं डबडं लाव मग ह्याला. फोनचं काम करंल, पण हा असला बोर्ड सारखा तापवंल का?"

विरेशनं बोर्ड फडक्यात गुंडाळला. बाहेर रस्त्यानं किटल्यांचा आवाज सुरू झाला होता. तो पळतच सुटला.

केंद्रात पहिली बाई पदर खोचून उभीच होती. विरेशनं बोर्ड बसवला, पण मशीनवर आधी काहीच दिसेना. मग आकडे उगवले. सत्यभामाबाईंनी नमुना घातला, फॅट वाचली आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाल्या, "उदबत्ती बदल, बाबा."

नंतर विरेश पैसे द्यायला गेला, तर मल्लिकार्जुननं ते घेतले नाहीत. "टपरीवर ये अन् चारचौघांत म्हण, महागातलं मशीन भारी. फिटलं."

"उद्या म्हणतो," विरेश म्हणाला.

त्यानं स्टॅबिलायझर आणलाय. आता स्वस्तातलं मशीन मोबाईलला बरं चालतं. जाड बोर्ड आला की तो गुपचूप फडक्यात गुंडाळून मल्लिकार्जुनकडं नेतो. पानटपरीवरून मात्र जात नाही. मारुतीच्या मागच्या बोळातून, चिखल तुडवत, लांबच्या वाटेनं जातो. ते एक वाक्य अजून द्यायचं राहिलंय.