वरून आलेली कपात

दोन निवृत्त मास्तर भेटले की चहा थंड होतो, आणि तिसरा आला तर नवा टाकावा लागतो. आमचे किस्से संपतच नाहीत. ऐंशीच्या आसपास मी अड्याळच्या पलीकडल्या एका खेड्यात मास्तर होतो. वरून दरवर्षी काटकसरीचा हुकूम यायचा आणि शाळेतलं काहीतरी कमी व्हायचं. वाढायचे ते फक्त किस्से!

*

एका वर्षी खडूंवर संक्रांत आली. मोठ्या गुरुजींनी पेटी कुलपात घातली आणि रोज सकाळी प्रसाद वाटावा तसा अर्धा खडू माझ्या हातावर ठेवायला लागले. तो दिवसभर पुरवायचा! मी आपली अक्षरं बारीक करत गेलो.

शेवटी मागच्या ओळीतला पांडू उभा राहिला. "गुर्जी, हे वाचाचं हाय का मुंग्या मोजाच्या हायेत?"

*

मग एक मास्तर कमी झाला. त्याची बदली झाली आणि जागा भरलीच नाही. मोठे गुरुजी कागदांत बुडालेले, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत माझ्या गळ्यात! पहिलीची पोरं चौथीची कविता म्हणायची आणि चौथीची पोरं पहिलीची बाराखडी घोकायची.

पांडूच्या बापानं एकदा पाहुण्यांसमोर मोठ्या कौतुकानं विचारलं, "कोन्त्या वर्गात हायेस, सांग बाबू."

पांडू छाती काढून म्हणाला, "चारी!"

*

शाळेच्या ओसरीत बालवाडी भरायची. तिथं पोरांना सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड चुरा. तिच्यातही कपात झाली. आता ती कमी वजनाच्या पोरांनाच!

वजनाच्या दिवशी शेवंता आली. ही तलावातल्या मासोळ्या बाजारात विकायची. पोराच्या अंगावर करदोडासुद्धा ठेवला नव्हता, आणि काट्यावर ठेवण्याआधी त्याला पदरानं खसाखसा पुसत होती.

मी म्हटलं, "अगं, सालटं काढशील त्याचं!"

"मासोया वल्या करून तोलतो, गुर्जी," ती म्हणाली. "हे सुकवूनच तोला लागते!"

*

आणि मग बालवाडीच्या बाईलाच घरी बसवलं. ऐन धानाच्या रोवणीत! आया चिखलात उतरल्या, लहानग्यांना घेऊन थोरल्या बहिणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या. माझ्या चौथीतल्या मुली एकेक करून दिसेनाशा झाल्या. शेवंताची यमुना तर वर्गात सगळ्यांत हुशार. तिची रिकामी जागा पाहून मला फार वाईट वाटायचं. बालवाडी गेली की ही पोरगी शाळेतून गेलीच, हे दिसतच होतं.

बालवाडी कायमची बंद करायला तालुक्याचे साहेब निघाले. रस्ता दाखवायला मी जीपमध्ये मागे बसलो होतो. गावाच्या अलीकडेच बायांनी जीप अडवली. त्यांना भोजारा हवा होता. रोवणीच्या बाया वाटेनं जाणाऱ्याला अडवून खुशाली मागतात, तो भोजारा. त्याला नाही म्हणायची सोय नसते. साहेबांनी हसत खिशात हात घातला.

"पैसे राहू द्या, साहेब," चिखलाच्या हातांनी शेवंता म्हणाली. "आमची बालवाडी द्या."

"ते माझ्या हातात नाही हो. वरून कपात आहे."

"मंग तुमच्या हातात काय हाय?"

शेवंतानं धुऱ्यावर बसलेल्या यमुनाच्या कडेवरचं पोरगं उचललं आणि साहेबांच्या हातात दिलं. "हे घ्या. एवढी बांधी रोवून होतवरी धरा. यमुना, तू जाय शाळेत!"

यमुना खरंच पळाली. बायाही चिखलात उतरल्या. साहेब पोराला घेऊन मोहाच्या झाडाखाली येरझाऱ्या घालू लागले. पोरगं रडलं, साहेबांची टोपी ओढली, शर्ट ओला केला. मी पुढे झालो तर साहेबांनी मानेनंच नको म्हटलं.

बराच वेळ झाला. ड्रायव्हर कंटाळून जवळ आला. "साहेब, चला ना. बालवाडी बंद कराले जाऊन राहिलो होतो ना आपन?"

साहेब त्याच्यावर डोळे वटारून कुजबुजले, "हळू बोल! आत्ताच झोपलंय!"