नाव फुटलेलं औषध

ताम्हिणीच्या वाडीतली सखू जंतांवर औषध द्यायची. मूळ घरीच उगाळून आणायची. कुठल्या वेलीचं, ते सांगायची नाही. नाव फुटलं की औषधाचा गुण जातो, असं सासूनं तिला बजावलं होतं. घाटात सगळेच तसं मानायचे.

अठ्ठावन्न साली आमच्या डॉक्टरांनी पौडला एका खोलीत प्रयोगशाळा थाटली. मी मदतनीस. खाटकाकडून बोकडाच्या आतड्यातले जंत आणायचे, मिठाच्या कोमट पाण्यात जगवायचे आणि झाडपाल्याचे अर्क घालून मरतात का बघायचं, हे माझं काम. डॉक्टर तर हात धुऊन सखूच्या मागे लागले. "पोरं वाचतील गं, गावोगावची," म्हणाले, तेव्हा कुठे ती विरघळली. वेल दाखवली, नावही सांगितलं. आमच्या बशीतले जंत दुपारपर्यंत निपचित पडले. डॉक्टरांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. सखू नाव सांगून केव्हाच वाडीला परतली होती.

त्याच पावसाळ्यात तिच्या नातीचं, कमळचं, पोट फुगलं. तोंडावाटे जंत पडले. मूळ घरातच होतं, पण सखूनं ते उगाळलं नाही. गुण गेलेलं औषध पोरीला काय द्यायचं? दुसरं काही मिळेल म्हणून ती भर पावसात रान धुंडाळत राहिली. ओढे भरलेले, पौडची वाट बंद. पोर गेली.

पाऊस ओसरल्यावर ती आमच्या दारात आली. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादा, त्या मुळानं हितं अजून मरत्यात का?"

टेबलावर त्याच अर्काची बशी होती. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण ती आधीच बशीवर वाकली होती. एका जंताला तिनं बोटानं ढोसलं. हलला नाही.

"म्हंजी गुन गेलाच न्हवता," ती म्हणाली. "म्याच दिलं न्हाई माज्या कमळला."

तो आवाज अजून माझी पाठ सोडत नाही. एकटं बसायची भीती वाटते.

पुढं ती वाडीवाडीनं फिरायची. दारात उभी राहून वेलीचं नाव मोठ्यानं घ्यायची. "पोरास्नी द्या गं, गुन जात न्हाई!" म्हणून विनवायची. आणि ती येताना दिसली, की आया लेकरांना आत ओढून त्यांचे कान गच्च झाकायच्या.